शारदाबाईंचा चिनी काढा

शारदाबाई तांबवेकरांचं नाक लहान, थोडं बसकं, त्यावर चष्मा धड टिकत नाही. पण या नाकाला फसवणं कऱ्हाडच्या बाजारपेठेत कुणाला जमलं नव्हतं. सुंठीच्या पोत्यात गेल्या वर्षीचा माल मिसळलेला असला, तर पोतं अजून हमालाच्या पाठीवर असतानाच त्या गल्ल्यावरून म्हणायच्या, "परत न्या." बिचारा हमाल ओझं न उतरवताच वळायचा.

दुकान वडलांचं, काष्ठौषधींचं. भाऊ बँकेत चिकटला, वडलांची नजर गेली, आणि लग्न गावातल्या गावात झालेलं असल्यामुळे शारदाबाई रोज अकरा ते सात दुकानात बसू लागल्या. बसल्या त्या एकतीस वर्षं बसल्या. माणसं वैद्यांची चिठ्ठी घेऊन यायची. बाई खण उघडायच्या, तोलायच्या, पुड्या बांधायच्या. चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, तिळभर कमी नाही की जास्त नाही. एखादी बाई लाडीगोडी लावायची, "ताई, पोटाला जरा काहीतरी तुमच्या मनानं द्या की ओ." त्यावर उत्तर ठरलेलं असायचं. "मी वैद्य नाही. मी पुड्या बांधते."

अशी ही करारी बाई आयर्लंडात ॲथलोनला येऊन राहिली ती मुलीपायी. अश्लेषा एकुलती एक, तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवते. तिला नागरिकत्व मिळालं तसे तिनं आईवडलांना तिथं राहायच्या परवानगीचे कागद केले, आणि पावणेदोन वर्षं ते कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्यावर दोघं विमानात बसली. शारदाबाईंच्या सामानात एक पत्र्याचा डबा होता. सुंठ, हिरडा, वाळा, बडीशेप आणि ज्येष्ठमधाच्या जाड काड्या. अश्लेषाच्या घरी कपाटाला प्रेस म्हणायची पद्धत पडली होती. हा डबा कुठल्या प्रेसमध्ये ठेवायचा, यावरून मायलेकींचं पहिलं भांडण झालं, आणि अर्थातच आई जिंकली.

त्यांचे यजमान विद्याधरराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. माणूस अबोल. कालव्याला भगदाड पडलं तरी वरच्या साहेबाला दोन वाक्यांत कळवणारा. त्यांना आयुष्यात चैन एकच, गोड खायची, आणि नेमका मधुमेह झाला. गेली अकरा वर्षं त्यांनी साखरेचा कण तोंडात घातला नव्हता. लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला आला की ते पानावर हात आडवा धरायचे, आणि तो पुढे गेला की त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. त्यांचं ते बघणं शारदाबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. नवऱ्यावरच्या प्रेमाविषयी ही बाई जन्मात एक शब्द बोललेली नाही, पण त्या बघण्याविषयी मुलीला दहादा सांगून झालं होतं.

ॲथलोनला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात कळलं की साखरेनं किडनी धरली आहे. लघवीतून प्रथिनं जाताहेत, काम जेमतेम पावहिस्सा चाललंय. तासाभराच्या अंतरावरच्या मोठ्या हॉस्पिटलात दर काही आठवड्यांनी जायचं ठरलं. तिथल्या उंच, शांत डॉक्टरीणबाईंनी किडनीचा आकडा सांगितला, सत्तावीस. तो खाली जात राहणार, दहा-बाराच्या आसपास आला की डायलिसिस. त्या दिवसापासून घरात हवापाण्याच्या आधी आकड्याची चौकशी होऊ लागली. विद्याधरराव काही बोलत नव्हते. शारदाबाई मात्र दिवसभर एकच विचार करत होत्या, की एकतीस वर्षं मी लोकांच्या घरी औषधं पोचवली, आणि माझ्या घरात माझ्या हातात काहीच नाही.

मिसेस फँग त्यांना सापडल्या त्या नाकामुळेच. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतून भाजी घेऊन येताना शारदाबाई एकदम थांबल्या. वास ओळखीचा होता. सुकलेल्या मुळांचा, सालींचा, लाकडी खणांचा. वासाच्या मागोमाग न्हाव्याच्या दुकानावरचा जिना चढून त्या वर गेल्या, तर भिंतभर खण आणि समोर पांढऱ्या कोटातली साठीची एक ठेंगणी चिनी बाई, हातात पितळी तराजू. शारदाबाईंना क्षणभर माहेरी आल्यासारखं झालं, आणि डोळे भरून आले म्हणून त्यांनी उगाच चष्मा पुसला.

दोघींचं इंग्रजी सारखंच तोकडं, त्यामुळे कुणाला कुणाचा संकोच नव्हता.

"माय हजबंड. शुगर. नाऊ किडनी," शारदाबाई म्हणाल्या.

"फर्स्ट ब्लड रिपोर्ट," मिसेस फँग म्हणाल्या. "नो रिपोर्ट, नो हर्ब."

हे ऐकून शारदाबाईंनी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. कागद बघितल्याशिवाय हात न हलवणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आणि विद्याधरराव दोन्ही हजर झाले. मिसेस फँगनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, झोप, पाय, लघवीला येणारा फेस, सगळं खुणांनी विचारलं. मग फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या की किडनी बरी करणं मला येत नाही. कदाचित थोडी सावकाश बिघडेल. कदाचित तेही नाही. डॉक्टरांची गोळी एकही बंद करायची नाही. एवढं सांगून त्यांनी पुड्या बांधायला घेतल्या. पिवळट लाकडी चकत्या, काळं चिकट मूळ, लालसर काड्या, आणि शेवटी तिरक्या कापलेल्या तीन-चार लहान चकत्या. त्यातली एक उचलून शारदाबाईंनी नाकाशी नेली आणि त्या हसल्या.

"ज्येष्ठमध."

"गान-त्साव," मिसेस फँग म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींचा शब्द म्हणून बघितला. दोघींनाही तो धड जमला नाही.

निघताना मिसेस फँगनी एक पत्र हातात ठेवलं. त्यात प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि वजन टाइप केलं होतं. "गिव्ह डॉक्टर. व्हेरी इम्पॉर्टंट." शारदाबाईंनी मान हलवली. घरी येऊन ते पत्र प्रेसमध्ये वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डाखाली गेलं.

आता याला काय म्हणावं. आपल्या घरांतून डॉक्टर आणि काढा यांची कधी ओळखच करून देत नाहीत. डॉक्टरला सांगितलं की डॉक्टर रागावतो, रागावला की काढा बंद करायला लावतो, हे घरोघरी ठाऊक असतं. म्हणून सांगायचं नाही. यात लपवाछपवी आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. अश्लेषा विज्ञान शिकवते, पण आई चुलीवर काहीतरी उकळतेय हे तिनं जन्मापासून पाहिलेलं. औषध म्हणजे गोळी, काढा म्हणजे स्वयंपाकघर. चिनी बाईकडून काहीतरी आणलंय एवढं तिला माहीत होतं आणि तेवढ्यावर ती कामाला निघून जायची. तक्रार होती ती फक्त अकरा वर्षांच्या नातीची, श्रावणीची. "आजी, इट स्मेल्स लाइक अ वेट डॉग," असं म्हणून ती नाकाला स्वेटर लावून शाळेत पळायची.

काढा शारदाबाई सांगितल्याबरहुकूम करत होत्या. अर्धा तास भिजवणं, मंद आच, दोन वेळा उकळून एकत्र करणं. चूक काढायला जागा नव्हती. पण काढा होता जहर कडू. विद्याधरराव तक्रार करणाऱ्यातले नव्हते. ते कप दोन्ही हातांत धरून खिडकीशी बसायचे, एकेक घोट घ्यायचे, आणि प्रत्येक घोटाला डोळे मिटायचे. एक कप संपायला पाऊण तास. शारदाबाई भांडी घासता घासता ते मिटलेले डोळे बघायच्या. चार दिवस त्यांनी बघितलं.

पाचव्या दिवशी त्यांनी आपला पत्र्याचा डबा उघडला. साखर चालत नाही, मध चालत नाही, गूळ चालत नाही. पण ज्येष्ठमध तर त्या बाईनं स्वतःच घातला आहे. मग आपल्या डब्यातली बोटभर काडी आणखी पडली तर बिघडलं कुठं? वस्तू तीच. त्यांनी काडी ठेचून भांड्यात टाकली.

विद्याधररावांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले नाहीत. दुसरा घेतला.

"आज गोड लागतंय," ते म्हणाले.

"साखर नाही हो त्यात."

"असू दे." त्यांनी कप संपवला आणि तळाला राहिलेलंही बोटानं पुसून घेतलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ओव्हरसियरसाहेब कप चाटत होते, आणि शारदाबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, कारण तोंड फिरवलं असतं तर त्यांना रडू आलं असतं.

बोटभर काडीच्या दोन झाल्या. दोन वेळच्या काढ्यात मिळून चार झाल्या. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या चिठ्ठीत काडीचा बदल न केलेली बाई स्वतःच्या नवऱ्यापुढे विरघळली, आणि त्याचा तिला मनापासून आनंद होत होता.

महिनाभरात पाय सुजले. बुटाची नाडी बांधता येईना. मग जिना चढताना मांड्यांत गोळे येऊ लागले. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, तरी यंत्रातला आकडा उतरेना. किडनीचंच हे, असं होणारच, असं सगळे धरून चालले. शारदाबाईंनी तर काढ्याची वेळ एकदाही चुकवली नाही. दुखणं वाढतंय म्हटल्यावर उपचारात कसूर करून कसं चालेल?

पुढच्या तपासणीला चौघं त्या खोलीत बसली होती. डॉक्टरीणबाई, विद्याधरराव, शारदाबाई, अश्लेषा. शिवाय दाराशी नर्स नोरीन, पन्नाशीची, मोठ्यानं हसणारी. त्या दिवशी तीही हसत नव्हती. आकडा वीस. वजन चार किलोंनी वाढलेलं, सगळं पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की उतार फार वेगानं आहे, पुढच्या महिन्यातच डायलिसिससाठी पोटात नळी बसवून ठेवावी. अश्लेषाचा आवाज मराठीत सांगताना चिरकला.

"पण एक गोष्ट जुळत नाही," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. अशा किडनीत रक्तातलं पोटॅशियम वाढतं. यांचं फार उतरलंय. हृदयाचे ठोके बिघडतील इतकं. "हे आणखी काही घेतात का?"

"नो, नथिंग. जस्ट द टॅब्लेट्स," अश्लेषा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती.

"लिकरिश स्वीट्स? इथल्या म्हाताऱ्यांना फार आवडतात. दिवसाला एक पिशवी खातात आणि हुबेहूब असे रिपोर्ट घेऊन येतात."

त्या काळ्या गोळ्या नोरीनच्या खिशातच होत्या. तिनं एक काढून दाखवली. अश्लेषानं ती बापापुढे धरली. "बाबा, असलं काही खाता का तुम्ही कुणाकडे?" त्यांनी मान हलवली, नाही. गोळी शारदाबाईंच्या हातात आली आणि जन्माच्या सवयीनं नाकाशी गेली.

वरवर बडीशेपेसारखा वास होता. त्याच्या खाली दुसरा होता. ज्येष्ठमध.

डॉक्टरीणबाई पुढच्या तारखेचं बोलत होत्या, अश्लेषा फोनमध्ये लिहून घेत होती, आणि शारदाबाई हातातली गोळी घट्ट धरून गप्प बसल्या होत्या. नोरीननं दार उघडलं आणि सगळे बाहेर पडले.

पार्किंगच्या यंत्रापाशी रांग होती. त्या रांगेत उभं राहून शारदाबाईंच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, कारण ही काही संतबाई नव्हे. त्यांच्या मनात आलं की आज घरी जाऊन डबा कचऱ्यात टाकावा. काड्या बंद झाल्या की सूज उतरेल. गोळ्यांनी गुण आला असं सगळे म्हणतील. लेकीच्या नजरेतून उतरायला नको, नवऱ्यापुढे खाली बघायला नको. कुणाला म्हणून कळणार नाही. हे सगळं त्यांनी नीट, शेवटपर्यंत विचार करून पाहिलं. मग बाकड्यावर बसून बुटाची सैल नाडी बघत असलेल्या नवऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. आपल्यामुळे उतरलेल्या आकड्यावर या माणसाच्या पोटात नळी घालणार होते.

"मी आले," एवढंच म्हणून त्या वळल्या. अश्लेषाला वाटलं, बाथरूमला.

कॉरिडॉरमध्ये नोरीन दुसऱ्याच्या फायली घेऊन चालली होती. शारदाबाईंनी तिचा दंड धरला आणि मुठीतली काळी गोळी पुढे केली. ती आता विरघळून तळव्याला चिकटली होती.

"धिस," त्या म्हणाल्या. "नॉट स्वीट. रूट. आय पुट इन हिज... आय बॉइल. एव्हरी डे. फोर." त्यांनी बोट दाखवून काडीची लांबी दाखवली. "आय पुट. ही डोन्ट नो. डॉटर डोन्ट नो. ओन्ली मी."

नोरीननं फायली जमिनीवर ठेवल्या आणि त्यांना खुर्चीत बसवलं. मग ती जवळजवळ पळतच डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

पुढची पंधरा मिनिटं सगळी परत त्याच खोलीत. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की ज्येष्ठमधानं अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम वाहून जातं, रक्तदाब चढतो. चकतीभर असतं तर कदाचित निभावलं असतं. यातलं किती त्या काडीचं आणि किती दुखण्याचं, हे आज सांगता येणार नाही. सगळा काढा बंद, पोटॅशियम भरून काढायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. नळीचं तोवर राहू द्या. "यू टोल्ड अस, दॅट्स ग्रँड," नोरीन पुनःपुन्हा म्हणत होती. पण ग्रँड म्हणजे इथं छान, झकास, हे माहीत असूनही शारदाबाईंच्या कानात काही शिरत नव्हतं.

गाडीत अश्लेषा बोलली. "आई, एकतीस वर्षं त्या दुकानात बसलीस ना तू? दुसऱ्या कुणाच्या काढ्यात अशी काडी घातली असतीस?"

"नाही," शारदाबाई म्हणाल्या.

विद्याधरराव खिडकीतून बाहेर बघत होते. ते काहीच बोलले नाहीत. घरी गेल्यावरही नाही. चार दिवस त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला, स्वतः कप विसळला, आणि बायकोशी हूं की चूं केलं नाही. पाचव्या दिवशी "आज थंडी आहे" असं म्हणाले आणि रोजचं बोलणं सुरू झालं. पण त्या काडीचा विषय त्यांनी काढला नाही. काढण्याची शारदाबाईंची हिंमत झाली नाही.

मिसेस फँगकडे मात्र त्या स्वतःहून गेल्या. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. "लेटर? डॉक्टर?" शारदाबाईंनी मान खाली घातली. मिसेस फँगनी हातातला तराजू खाली ठेवला. मग त्या जे म्हणाल्या त्याचा अर्थ एवढा होता की, तू डॉक्टरला आंधळं केलंस आणि मलाही. आता या आकड्यावर मी काही देणार नाही. शेवटी दाराशी येऊन त्यांनी शारदाबाईंचा हात हातात घेतला आणि थोपटला. त्या स्पर्शानं बाई जास्तच खचल्या. रागावणं सोसलं असतं.

तीन आठवड्यांनी सूज उतरली होती. रक्तदाब दोन गोळ्यांवर आला. नळी लांबणीवर पडली. किडनीचा आकडा आला तेवीस. सगळे खूश झाले, अश्लेषानं आईला मिठीही मारली. शारदाबाई मनात वजाबाकी करत होत्या. सत्तावीस होते, तेवीस झाले. मधले चार दुखण्यानं खाल्ले की काडीनं, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नव्हता. ते चार त्यांनी स्वतःच्या नावावर टाकले.

तेव्हापासून नवऱ्याच्या औषधाला त्यांनी हात लावला नाही. गोळ्यांची डबी अश्लेषा भरायची. रक्तदाब बघायचं काम जावयाकडे, प्रसन्नकडे. विद्याधररावांनी आल्याचा चहा मागितला तरी त्या आधी लेकीला फोन करायच्या, "आलं घालू का गं?" लेक म्हणायची, "आई, पुरे आता." डबा त्यांनी केव्हाच रिकामा केला होता, आणि गल्लीत तो वास आला की त्या पलीकडच्या फुटपाथवर जायच्या. ज्या नाकाचा एवढा तोरा होता, त्याला आता रुमाल लावायची वेळ आली होती.

आकडा मात्र कुणाच्या पश्चात्तापावर थांबत नाही. वर्षभर तो सावकाश उतरत गेला आणि पुढच्या वसंतात अकरावर आला. पोटात नळी बसली. घरीच डायलिसिस करायचं ठरलं. दिवसातून चार वेळा नळीतून पिशवीभर पाणी पोटात सोडायचं, जुनं काढून टाकायचं. शिकवणार होती नोरीनच. हॉस्पिटलातल्या लहान खोलीत तिनं टेबलावर पिशव्या, नळ्या, मास्क मांडले आणि सांगितलं की यात शॉर्टकट नाही. हात धुण्यापासून टोपण लावण्यापर्यंत ठरलेल्या पायऱ्या, त्याच क्रमानं, रोज. एक पायरी गाळली तर पोटात जंतू जातात आणि माणूस जातो. साखरेनं विद्याधररावांची नजर अधू झाली होती, बोटंही कापत होती. तेव्हा घरातल्या कुणीतरी शिकायला हवं.

"आय विल," अश्लेषा म्हणाली. "लेक्चर्सच्या वेळा बदलून घेईन. दुपारचं कसं करायचं ते बघू."

शारदाबाईंनी आपली खुर्ची आवाज न करता थोडी मागे सरकवली.

"अश्लेषा," विद्याधरराव म्हणाले, "सिस्टरना सांग. माझी बायको शिकेल."

शारदाबाईंना आधी वाटलं, उपहास आहे. मग वाटलं, यांना उपहास येत नाही.

"नको हो," त्या म्हणाल्या. "तिलाच करू दे. माझ्या हातून एकदा काय झालंय ते विसरलात का?"

"विसरतो कसा. मीच प्यायलोय ते."

"मग? चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतात तुम्ही."

विद्याधररावांनी शर्टाच्या आतली नळी चाचपली. एवढं लांब बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते अडखळत, थांबत थांबत बोलले.

"बोललो असतो तर रडलो असतो. लेकीसमोर, जावयासमोर. अगं, माझ्या तोंडाला गोडी यावी म्हणून तू ते केलंस, आणि गाडीत अश्लेषा तुला बोलत होती. मला तुझी बाजू घेता आली नाही. वर्षभर तेच सलतंय. आणि पार्किंगमधून तू परत गेलीस ना, ते कुणी सांगितलं होतं तुला? गेली नसतीस तर कुणाला कळलं असतं? चुकायला काय, अश्लेषाही चुकेल, या सिस्टरही चुकतील. पण रोज चार वेळा पोट उघडं टाकायचं ते कुणापुढे? चुकलं तर पळत जाऊन सांगेल, अशा माणसापुढे. ते मला एकच माहीत आहे."

अश्लेषा डोळे पुसत होती, त्यामुळे नोरीनला सगळं सांगायचं राहूनच गेलं. तिनं नुसतं म्हटलं, "शी विल डू इट."

"ग्रँड सो," नोरीन म्हणाली आणि बेसिनकडे बोट दाखवलं. पहिली पायरी हात धुण्याची, पूर्ण दोन मिनिटं.

शारदाबाई उठल्या. त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, चष्मा नाकावर नीट बसवला आणि नळ सोडला.